वाटेचा धनी आणि मालाचा धनी

लेखक : एक घाऊक भुसार व्यापारी, बेळगाव

संघाचे चिटणीस यंदा स्मरणिकेसाठी लेख मागावयास पेढीवर आले, तेव्हा मी भुसार बाजारातील तेजीमंदीवर किंवा बाजार समितीच्या शुल्कावर चार शब्द लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय दर वर्षी येतात व येत राहतील. मला लिहावयाचे आहे ते इंटरनेटविषयी. साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि ज्वारी-तांदळाच्या पोत्यांत हयात घालविलेल्या माणसाने या विषयात तोंड घालावे, याचे वाचकांस नवल वाटेल. चिटणीसांसही वाटले. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे या विषयातील यंत्राचा भाग थोडा आणि वाटेचा भाग अधिक आहे. आणि वाटेवरून माल नेण्यात ज्याचा जन्म गेला त्याला वाटेविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या वेशीवर जकात नाका होता. कर्नाटकात जकात उठली १९७९ साली. त्यापूर्वी वडिलांबरोबर मालाच्या गाडीवर बसून मी त्या नाक्यावर अनेकदा ताटकळलो आहे. जकातीविषयी व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या त्या पुष्कळ, आणि त्यातील बहुतेक खऱ्या होत्या. तथापि त्या जाचक पद्धतीतही एक न्याय होता. नाक्यावरील कारकून पोत्यात काय आहे व किती आहे हे विचारी आणि त्याप्रमाणे पावती फाडी. पोते कोणाच्या पेढीचे आहे हे विचारून दर कमीअधिक करण्याची मुभा कायद्याने त्याला नव्हती. तो तसे करू लागता, तर पेठेतील सारा व्यापार सहा महिन्यांत त्याच्या मर्जीतील दोन पेढ्यांच्या घरी जाऊन पडला असता.

ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत असे घडले आहे. १८७२ साली तेथील तेलाच्या धंद्यात 'साउथ इंप्रूव्हमेंट कंपनी' नावाची एक योजना निघाली. रॉकफेलर व त्यांच्याबरोबरचे काही तेलशुद्धी कारखानदार यांनी तीन बड्या रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार केला. त्याप्रमाणे स्वतःच्या मालाच्या भाड्यात त्यांस सूट मिळावयाची होती. इतकेच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या पूर्ण भाड्यातूनही एक वाटा यांच्याच पदरात पडावयाचा होता! व्यापारी बंधूंनी ही गोष्ट क्षणभर स्वतःच्या धंद्यावर ताडून पाहावी. आपण वाघिणीतून शंभर पोती पाठवावी, भाडे आपण भरावे, आणि त्यातील काही रक्कम रेल्वेने शेजारच्या पेढीला गुपचूप द्यावी. करार बाहेर फुटताच तेलविहिरींच्या मुलखातील लोकांनी त्या टोळीला तेल विकण्याचेच नाकारले व ती योजना थोड्याच आठवड्यांत मोडली. सवलतीचे गुप्त व्यवहार मात्र पुढेही चालूच राहिले. १८८७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून रेल्वेच्या अवाजवी पक्षपातास बंदी केली, आणि तीही अपुरी पडल्याने १९०३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. आपल्याकडील १८९० च्या रेल्वे कायद्यातही कोणा एका मालधन्यास अवाजवी झुकते माप देऊ नये असे कलम होते. कायदा असूनही वाघिणीसाठी दिवसेंदिवस तिष्ठत बसावे लागल्याच्या गोष्टी आमच्या वडिलांच्या तोंडून मी ऐकल्या आहेत, पण निदान तक्रार करावयास कायद्याचा आधार होता.

आता मूळ विषयाकडे येतो. मोबाईल कंपनी जो डाटा आपल्याला विकते तो म्हणजे वाट. त्या वाटेवरून जे येते-जाते, म्हणजे वर्तमानपत्र, बँकेचा व्यवहार, गाणे, व्हॉट्सॲपवरील मागणी, तो माल. वाटेच्या धन्याने वाटेचे भाडे घ्यावे, त्याविषयी वाद नाही. परंतु अमुक धन्याचा माल आहे म्हणून फुकट, तमुकाचा आहे म्हणून दुप्पट, आणि तिसऱ्याचा आहे म्हणून सावकाश सोडावयाचा, असे त्याने करू नये. यालाच इंग्रजीतून आलेल्या शब्दांत 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणतात. आपण वाटेचा समभाव म्हणू.

आपल्या देशात या समभावाची परीक्षा २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाली. एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी निराळा, अधिक दर आकारण्याचे जाहीर केले व गवगवा होताच थोड्या दिवसांत तो बेत मागे घेतला. आमचा तांदूळ चोर्ला घाटातून गोव्यास जातो. तेथील किरकोळ दुकानदार आता मागणी नोंदवितात ती व्हॉट्सॲपवर, आणि भावाची घासाघीसही त्यावरच बोलून करतात. असा निराळा दर रूढ झाला असता तर त्याचा भार अखेर कोणाच्या खतावणीत उतरला असता, हे सांगावयास पंडित नको.

त्यानंतर २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर लोकांची मते मागविणारा एक मसुदा प्रसिद्ध केला. पाने ११८, प्रश्न २०, भाषा इंग्रजी. आणि तीही अशी की वकिलालाही दोनदा वाचावी लागावी. उत्तरास मुदत २४ एप्रिलपर्यंत. अशा मसुद्यास एरवी उत्तरे येतात ती कंपन्यांची, त्यांच्या संघटनांची आणि दोन-चार ग्राहक मंडळांची. सामान्य माणूस असली पाने वाचीत नाही, आणि तो वाचीत नाही हे सर्वांस ठाऊक असते.

या वेळी मात्र निराळे घडले. निखिल पाहवा नावाचे एक पत्रकार व त्यांच्यासारखे काही वकील, संगणकतज्ज्ञ व धडपडे तरुण एकत्र आले. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, कार्यालय नव्हते. त्यांनी तो ११८ पानांचा मसुदा फोडून सोप्या भाषेत थोडक्यात मांडला, प्रत्येक प्रश्नास उत्तराचा मसुदा तयार केला आणि 'सेव्ह द इंटरनेट' या नावाखाली तो लोकांपुढे ठेवला. ज्याला पटेल त्याने तो वाचावा, हवा तसा फिरवावा आणि स्वतःच्या नावाने ट्रायकडे धाडावा. विनोदी कार्यक्रम करणाऱ्या काही पोरांनी या विषयावर एक चित्रफीत काढली. तिची भाषा आमच्या पिढीच्या कानांस मानवणारी नव्हती. नातवाने दाखविली तेव्हा मी अर्ध्यावरच उठलो. पण वाटेचा प्रश्न तिने लाखो पोरांच्या डोक्यात उतरविला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक पत्रे पोहोचली.

मध्यंतरी एप्रिलच्या आरंभी 'एअरटेल झीरो' ही योजना जाहीर झाली होती. ॲपवाल्याने कंपनीकडे पैसे भरावे, म्हणजे त्याचे ॲप वापरताना ग्राहकाचा डाटा खर्च होणार नाही, असे तिचे स्वरूप. फ्लिपकार्टसारखे बडे दुकान तिच्यात जाणार होते. लोकांनी फ्लिपकार्टच्या ॲपला कनिष्ठ प्रतीचे गुण देण्याचा सपाटा लावला, आणि १४ एप्रिलला ती कंपनी योजनेतून बाहेर पडली. यात मला विशेष वाटते ते हे की, या योजनेत ग्राहकाचे तात्काळ नुकसान काहीच नव्हते. उलट चार पैशांचा फायदाच होता. नुकसान होते ते उद्या नवे दुकान काढणाऱ्याचे, ज्याच्यापाशी वाटेच्या धन्यास द्यावयास पैसे नाहीत. आपला आजचा फायदा सोडून उद्याच्या अनोळखी दुकानदाराची बाजू ग्राहकाने घ्यावी, हे मी माझ्या धंद्यात फारसे पाहिलेले नाही.

एक गोष्ट ट्रायने वाईट केली, तीही नमूद करतो. आलेली सर्व पत्रे पाठविणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट तिने आपल्या संकेतस्थळावर जशीच्या तशी टाकली. गिऱ्हाइकांच्या नावांची खतावणी चौकात टांगण्यासारखाच तो प्रकार झाला.

पण खरा सामना पुढेच होता. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' नावाची सोय भारतात आणली होती. सप्टेंबरात तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गरिबास काही निवडक संकेतस्थळे फुकट पाहता यावी, अशी ती सोय. ती कोणती असावी याच्या अटी ठरविणार फेसबुक. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरा मसुदा काढला, आणि या खेपेस प्रश्न चारच होते. पहिला थेट असा की, निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी डाटाचे निरनिराळे दर आकारू द्यावे काय? मग वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या, रस्तोरस्ती फलक लागले, झुकरबर्ग महाशयांनी स्वतः इंग्रजी वृत्तपत्रात लेख लिहिला. फेसबुक उघडणाऱ्या कोट्यवधी भारतीयांपुढे तयार पत्र ठेवण्यात आले, की बटण दाबा आणि फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या.

या मसुद्यावर ट्रायकडे वीस लाखांहून अधिक उत्तरे आली, आणि त्यांतील बहुसंख्य फ्री बेसिक्सच्या बाजूची होती. मतांची मोजणीच करावयाची असती तर निकाल फेसबुकच्या बाजूने लागला असता. परंतु ट्रायने फेसबुकला कळविले की, आम्ही चार प्रश्न विचारले होते. तुमच्या लोकांच्या पत्रांत त्या प्रश्नांची उत्तरे नाहीत. एका योजनेला पाठिंबा आहे, एवढेच त्यांत आहे, आणि सल्लामसलत म्हणजे मतदान नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम निघाला. मजकूर कोणाचा आहे हे पाहून डाटाचा दर कमीअधिक करता येणार नाही. मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये, अधिकात अधिक ५० लाखांपर्यंत दंड. आणीबाणीच्या सेवांस तेवढी सूट. तीन दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने वाटेवर माल अडविणे, रेंगाळविणे व एखाद्यास पुढे काढणे यांविरुद्धही शिफारशी केल्या आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य केल्या.

या प्रकरणी माझ्या मनात प्रथमपासून एक शंका होती व ती मी लपविणार नाही. ज्याच्यापाशी डाटास पैसेच नाहीत, त्याला थोडे तरी फुकट मिळत होते; ते काढून घेणारे आपण पोट भरलेले लोक कोण? आमच्या मुनिमांनी हा प्रश्न मला त्याच दिवसांत विचारला होता, आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. त्याला उत्तर दिले ते बाजाराने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने आपली सेवा सुरू केली, ३१ मार्च २०१७ पर्यंत डाटा फुकट वाटला, आणि सर्व कंपन्यांचे दर कोसळले. तोलाई करणाऱ्या हमालाच्या हातीही संपूर्ण इंटरनेट आले, कोणी निवडून दिलेली चार संकेतस्थळे नव्हेत. वाट सर्वांस सारखी ठेवून ती स्वस्त होऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु येथेच थांबलो तर मी अर्धाच हिशेब सांगितला असे होईल. पेठेतील जुन्या माणसांस हा खेळ ठाऊक आहे. एखादा बडा खरेदीदार दोन हंगाम चढा भाव देतो, लहान अडते एकामागून एक गाळे बंद करतात, आणि तिसऱ्या हंगामात शेतकऱ्यास कळते की बाजारात आता गिऱ्हाईक एकच उरले आहे. जिओच्या दरांविरुद्ध एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने ती जून २०१७ मध्ये फेटाळली, कारण नव्याने आलेली कंपनी बाजारात प्रबळ म्हणता येत नव्हती. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबरही असेल. पण परिणाम काय झाला? फ्री बेसिक्सची भागीदार रिलायन्स कम्युनिकेशन्स स्वतःच दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र झाल्या, इतर कित्येक बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. डझनभर कंपन्यांच्या जागी आता तीन खासगी व एक सरकारी एवढ्याच उरल्या. आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी दर वाढविले. वाटेचा समभाव राखला गेला, पण वाटाच कमी झाल्या. पहिल्यासाठी दहा लाख पत्रे गेली. दुसऱ्यासाठी किती गेली?

पत्रांच्या संख्येचा विषय निघाला आहे, तर अमेरिकेतील अनुभवही सांगणे भाग आहे. कारण लोकमताचा महापूर आला की सारे भले होते, अशी एक भाबडी समजूत तरुण मंडळींत आढळते. तेथील दूरसंचार आयोगाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी, लक्षावधी नागरिकांची पत्रे आल्यानंतर, समभावाचा नियम केला. सत्तापालट झाल्यावर २०१७ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि मते मागविली, तेव्हा २ कोटी २० लाखांहून अधिक पत्रे आली. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवाद्यांनी चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, की त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख पत्रे बनावट होती! ८५ लाख पत्रे ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून आली होती. खऱ्या माणसांची नावे-पत्ते त्यांच्या नकळत घालून ती तयार केली होती. आणि समभावाच्या बाजूची ७७ लाख पत्रे कॅलिफोर्नियातील एकोणीस वर्षांच्या एकाच विद्यार्थ्याने यंत्राकरवी बनावट नावांनी पाठविली होती. १४ डिसेंबर २०१७ रोजी नियम रद्द झाला, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आला, आणि २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो पुन्हा रद्द ठरविला. खोट्या नाण्यांनी भरलेली थैली खऱ्या नाण्यांसही बट्टा लावते. दोन्ही बाजूंची इतकी पत्रे खोटी निघाल्यावर खरे लिहिणाऱ्या चाळीसेक लाखांचे कोण ऐकतो?

आपल्याकडील दोन्ही बाजूंनीही तयार मजकूर वाटला होता, हे मी मान्य करतो. पण पहिल्या मोहिमेतील पत्रांत विचारलेल्या प्रश्नांस उत्तरे होती, आणि दुसरीत जयजयकार होता. ट्रायने वजन केले ते उत्तरांचे. निकाल संख्येवर लागला असता, तर आज आपण फेसबुकच्या फाटकातून इंटरनेटवर ये-जा करीत असतो.

हे सर्व व्यापारी संघाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. तर वाटेचा तंटा अद्याप संपलेला नाही म्हणून. २०२३ च्या जुलैत ट्रायने आणखी एक मसुदा काढला, तेव्हा मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने अशी मागणी पुढे केली की, ज्यांचा माल वाटेवर फार जातो त्या बड्या चित्रफीतवाल्यांनी वाटेच्या खर्चात हिस्सा द्यावा. ऐकावयास हे वाजवी वाटते. पण ग्राहकाने डाटाचे पैसे भरलेलेच असतात. हमाली गिऱ्हाइकाकडून घेतल्यावर ती पुन्हा दुकानदाराकडून मागण्यासारखे हे आहे. दक्षिण कोरियात अशी पद्धत २०१६ पासून आहे. तेथून 'ट्विच' ही कंपनी वाटखर्च परवडत नाही असे सांगून फेब्रुवारी २०२४ मध्ये निघून गेली.

आणि याहूनही आपल्या उंबरठ्यापाशी आलेला प्रश्न म्हणजे ज्या हाटाचा मालक स्वतःच दुकान मांडून बसला आहे, त्या हाटाचा. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, आणि आता दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारे, हे सारे सांगतात की आम्ही केवळ बाजार चालवितो. बाजार चालविणाऱ्याला कोणत्या दुकानदाराचा कोणता जिन्नस, कोणत्या गल्लीत, कोणत्या भावाने खपतो हे दिसते. उद्या तोच जिन्नस स्वतःच्या किंवा मर्जीतील विक्रेत्याच्या नावाने त्याने वरच्या फळीवर मांडला, तर जकात नाक्यावरील कारकुनाने स्वतःच पेढी काढल्यासारखे झाले. सरकारने २०१८ च्या डिसेंबरात परदेशी भांडवलावर चालणाऱ्या अशा बाजारांस बंधन घातले, की ज्या विक्रेत्यात बाजारचालकाचा हिस्सा आहे त्याने त्या बाजारात विकू नये. दिल्ली व्यापार महासंघ या व्यापाऱ्यांच्याच संस्थेने स्पर्धा आयोगाकडे रीतसर तक्रार नेली. जानेवारी २०२० मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. दोन्ही कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये चौकशी थांबविण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मर्जीतील विक्रेत्यांस झुकते माप दिले जात होते, असा चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष २०२४ मध्ये वृत्तपत्रांत आला.

त्याच वर्षी, १२ मार्च २०२४ रोजी, कंपनी व्यवहार मंत्रालयाने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. अतिप्रचंड कंपन्यांनी स्वतःच्या मालाची तरफदारी करू नये, त्यांच्या हाटात बसणाऱ्या दुकानदारांची खासगी माहिती त्यांच्याविरुद्धच वापरू नये, अशी कलमे त्यात होती. मला तो मसुदा सर्वस्वी निर्दोष वाटत नाही. कोणती कंपनी अतिप्रचंड हे उलाढालीच्या व वापरणाऱ्यांच्या आकड्यांवरून आधीच ठरवावयाचे, यात उद्या एखादी वाढती देशी कंपनी विनाकारण अडकेल अशी भीती आहे. पण भीती असो वा पसंती, ती कळविण्यास १५ मेपर्यंत मुदत होती.

आपल्या संघाने काय केले? एप्रिलच्या मासिक सभेत मी हा विषय काढला. पाऊण तास चर्चा झाली. सर्वांनी ऑनलाईन कंपन्यांस शिव्या घातल्या, दोघांनी बाजार एक दिवस बंद ठेवण्याची सूचना केली, आणि चहानंतर सभा बाजार समितीच्या गाळ्यांच्या भाड्याकडे वळली. बंद आपल्याला ठाऊक आहे, सवयीचा आहे. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियानेही एक दिवस दुकान बंद ठेवून अमेरिकन काँग्रेसपुढील दोन विधेयके रोखण्यास हातभार लावला होता, तेव्हा बंदास मी कमी लेखीत नाही. पण विकिपीडिया बंद राहिला की जगाची अडचण होते. आपले शटर ओढले तर गिऱ्हाईक खिशातील फोन काढून त्याच कंपनीकडे मागणी नोंदविते. त्या दिवशी आपण आपल्याच हाताने प्रतिस्पर्ध्याचा गल्ला भरतो.

दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी तक्रार लिहिली. बंगळूर-दिल्लीकडील पोरांनी वीस प्रश्नांस वीस उत्तरे लिहिली. आपल्या संघाचे सभासद कित्येक पिढ्यांचे हिशेबी. रुपयाआण्यांचा पुरावा ठेवणारे. कोणत्या महिन्यात कोणत्या किराणा दुकानदाराची उचल किती घटली, कोणत्या कंपनीने कोणत्या भावास तूरडाळ विकली आणि त्या दिवशी घाऊक भाव काय होता, हे आपल्या कीर्दीत तारीखवार आहे. असा पुरावा त्या इंजिनियर पोरांजवळ नव्हता. आपल्याजवळ होता, आणि आपण तो कपाटात ठेवला.

त्या सभेनंतर मी घरी येऊन मराठीत दोन पानांचे पत्र लिहिले. पहिल्या पानावर मसुद्यातील ज्या दोन कलमांशी आमच्या धंद्याचा संबंध येतो त्यांविषयी मत, दुसऱ्यावर तीन दुकानदारांच्या, त्यांच्या संमतीने व नावे वगळून, अठरा महिन्यांच्या उचलीचे आकडे. नातीने इंग्रजी केले. एका ठिकाणी मी रागाच्या भरात लिहिलेले वाक्य तिने खोडले व म्हणाली, "आजोबा, त्यांनी हे विचारलेलं नाही." १३ मे रोजी ते गेले. विधेयक २०२५ पर्यंत कायदा झाले नव्हते, आणि आमचे पत्र कोणी वाचले की नाही हे मला कळण्याचा मार्ग नाही. त्याची एक प्रत संघाच्या दप्तरात दिली आहे. पुढील मसुदा येईल तेव्हा, ज्या सभासदांस आपल्या वहीतील आकडे जोडावयाचे असतील त्यांनी पेढीवर यावे. दुपारी दोन ते चार मी गादीवरच असतो.